कृतज्ञतेची वही लिहिते आहे, पण मन शांत होत नाही. तुम्ही काय करता?

वडगावची_सून

नमस्कार. दोन वर्षं इथं नुसती वाचते आहे. आज पहिल्यांदाच धागा काढते, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. सासऱ्यांपासून यंत्रमागाचा धंदा. लग्न होऊन आले तेव्हा पंधरा दिवस झोप नव्हती, एवढा खडखडाट. पुढं उलटं झालं. माग थांबला की दचकून जाग यायची, कारण माग थांबला म्हणजे धागा तुटला, वीज गेली नाहीतर कुणाला तरी लागलं. मार्च २०२० च्या शेवटी गल्लीतले सगळे माग एकदम बंद पडले. लोक म्हणायचे, पाखरांचे आवाज ऐकू येतात, किती बरं वाटतं. मला त्या शांततेची धडकी भरायची.

पुढचं थोडक्यात. चार मागांतले दोन विकले. मे २०२१ मध्ये मोठे दीर गेले, शेवटचं तोंडही बघता आलं नाही. मिस्टर तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. मुलगा पुण्यात नोकरी शोधतोय. मुलीनं मला एक सुंदर वही आणून दिली आणि म्हणाली, आई, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिही, मन शांत होतं.

एकवीस रात्री लिहिल्या. नळाला पाणी आलं. वीज गेली नाही. सगळे पोटभर जेवले. बाविसाव्या रात्री मागची पानं चाळली आणि आधी रडू आलं, मग राग आला. जे असायलाच हवं त्याचे आभार मानत बसले आहे असं वाटलं.

कठीण दिवसांत तुम्ही आभार कसे मानता? ते खोटं वाटत नाही का? प्रवचन नको, तुमच्यावर काय गुजरलं आणि तुम्ही काय केलं ते सांगा.

---

कपिलेश्वर_रोड

माझी वही नवव्या दिवशी बंद पडली. वाचते आहे.

---

अनगोळची_मंजू

ताई, माझ्या आईचं सांगते. बाबा गेले तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती आणि आम्ही तिघं शाळेत. ती अनगोळच्या हरिमंदिरात जायची. संत कलावती आईंची बालोपासना, म्हणजे रोजची प्रार्थना, घरात रोज संध्याकाळी, दिवा लावून, आम्हा तिघांना समोर बसवून. आम्हाला कंटाळा यायचा. आता कळतं की दिवसभरात ती तेवढाच वेळ खाली बसायची. देवानं काय दिलं याची यादी तिनं कधी केली नाही. ठरलेल्या वेळी बसायचं, एवढंच.

माझ्याकडून दुसरं काही होत नाही, पण दिवा आणि ती वेळ मी मोडत नाही. कधी मन लागतं, कधी भाजी करपल्याचा वास येतो. तरी बसते.

---

यडूरचा_शेतकरी

ताई, आमी नदीकाठची माणसं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा घरात आलती. आधी वाटलं, दरवर्षीसारखं मळ्यापर्यंत येईल आनि जाईल. रात्री जनावरं सोडली, म्हातारीला ट्रॅक्टरवर बसवलं आनि निघालो. पुढचे दिवस शाळेत. कल्लोळचा पूल पाण्याखाली, कुटं जायचं?

खरं सांगतो, पूर आल्यावर तेवढं वाईट वाटलं न्हाई, तेवढं पूर उतरल्यावर वाटलं. घरात गुडघाभर गाळ. ऊस उभ्याउभ्या कुजला. त्यो वास अजून नाकात हाय. मी उंबऱ्यावर बसलो आनि उठलोच न्हाई. बायको म्हणाली चला, भाऊ म्हणाला चल. पाय उचलंना.

तेवढ्यात एका टेम्पोतनं आठ-दहा पोरं उतरली. खोरी, पाट्या, झाडू, फिनेल घेऊन. कोन कुटली, काय बोलली न्हाईत. "काका, कुटनं सुरू करू?" एवढंच. दोन दिवसांत तीन घरं धुऊन काढली. म्हातारीची ट्रंक गाळातनं काढली, लुगडी धुऊन दोरीवर वाळत घातली. जाताना मी नाव विचारलं तर एक पोरगं म्हणालं, "नाव काय करायचंय काका, तुमी पन जावा की कुनाकडं तरी."

ते वाक्य डोक्यातनं जाईना. २०२१ ला परत पूर आला, पन माल कमी गेला. आमचं पाणी उतरल्यावर गावातली सात जणं मिळून चिपळूणला गेलो. तिथं २२ जुलैला काय झालतं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. चार दिवस गाळ काढला. तुमाला खोटं वाटंल, पन दोन वर्षांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली ती चिपळूणच्या एका दुकानाच्या फळीवर.

वही-बिही मला जमत न्हाई. खोरं जमतं.

---

कपिलेश्वर_रोड

यडूरचे काका, हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. नमस्कार घ्या.

---

सीमाभागातला

मूळ धाग्यातल्या रागाबद्दल बोलतो, कारण सगळे त्यावरून पुढं निघून गेले.

ताई, तुम्हाला राग आला ते बरोबर झालं. आमच्याकडं "समाधान मानून घ्या" हे कोण कुणाला सांगतं ते बघा. ज्याचं अडलेलं नाही तो अडलेल्याला सांगतो. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून १९५६ नंतर जे सत्याग्रह झाले, त्यात माझे आजोबा तुरुंगात गेले होते. १ नोव्हेंबर, म्हणजे बेळगाव तिकडच्या राज्यात गेलं तो दिवस, आला की घरात चूल उशिरा पेटायची. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याआधीच्या अर्ध्या शतकाचं तर बोलायलाच नको. या सगळ्या काळात "आहे त्यात सुख माना" म्हणणारे शेकड्यांनी भेटले. सुताचा भाव पडला, मजुरी थकली, माग विकावे लागले, तर त्यावर बोललं पाहिजे. नळाला पाणी आलं म्हणून वहीत आभार मानायचे, हे मला पटत नाही. पाणी हा हक्क आहे.

---

संपादक_मंडळ

विनंती: सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे, तिथली चर्चा इथं आणू नये. वरचा प्रतिसाद विषयाला धरून आहे म्हणून ठेवला आहे.

---

खानापूरची_शाळामास्तरीण

सीमाभागातला दादा, तुमचं अर्धं पटलं. पण समाधानी माणूस लढत नाही हे कुठून आलं? तुकोबांचंच घ्या. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, घरात मृत्यू, धंद्याचं दिवाळं. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं चरित्रकार सांगतात. दुसऱ्याच्या मानेवरचा फास काढणारं ते समाधान होतं, गप्प बसणारं नव्हे.

आता ताईंच्या प्रश्नाकडं येते. मला वाटतं अडचण त्या शब्दात आहे. कृतज्ञता हा पुस्तकातला शब्द. आमच्या घरी जांबोटी भागात कुणी कुणाला "धन्यवाद" म्हणालेलं मी लहानपणी ऐकलं नाही. आई भावाला पाणी दे म्हणायची, तो द्यायचा, संपलं. धन्यवाद म्हटलं असतं तर परकं वाटलं असतं. पण आमच्याकडं एक शब्द होता: जाण. "त्याला जाण आहे." "केल्याची जाण ठेव." जाण हवेत नसते, ती कुणाची तरी असते. अमक्यानं तमक्या दिवशी माझ्यासाठी हे केलं, ते मी विसरले नाही, अशी.

आणि ती दिसायची कशात? डब्यात. शेजारणीनं वाटीभर काही दिलं तर वाटी रिकामी परत करायची नाही. घरात काहीच नसलं तर आजी चिमूटभर साखर घालायची, तीही नसली तर परड्यातल्या दोन मिरच्या. माझी कन्नड शेजारीण तिच्या घरी हेच करते, तिला कुणी मराठीतून शिकवलेलं नाही.

म्हणून विचारते, तुमच्या एकवीस पानांवर माणसं किती आहेत? पाणी, वीज, जेवण सगळं आहे, पण नाव एकाचंही नाही. रडू त्यामुळं आलं असेल का?

---

धारवाडहून_बेळगाव

मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळं थोडं त्या बाजूनं.

वहीची ही पद्धत गाजली ती एमन्स आणि मॅककलो या अमेरिकन संशोधकांच्या २००३ सालच्या अभ्यासानं. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटानं आठवड्यातून एकदा, आभार वाटावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं त्रासाच्या, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटत होतं. लक्षात घ्या, आठवड्यातून एकदा. नंतर ल्युबोमिर्स्की यांच्या गटाला सहा आठवड्यांच्या प्रयोगात असं दिसलं की आठवड्यातून एकदा मोजणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा मोजणाऱ्यांना नाही. रोज केलं की त्याचा नळ-वीज-जेवण असा पाढा होतो, तुमच्या वहीसारखाच. २०२१ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवरचा परिणाम लहानच निघाला. म्हणजे वही वाईट नाही, पण ती औषध नाही. त्यामुळं तिनं काम केलं नाही तर दोष तुमचा नाही, ताई.

मंजूताईंच्या दिव्याबद्दल एक आठवलं. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास आणि हृदयाची लय मोजली. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. आपण एरवी त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगानं श्वास घेतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून लांब उच्छ्वास शरीराला थांबवतो. हरिपाठ, उपासना, भजन यांत लांब ओळ एका दमात म्हणावी लागते, तेव्हा हेच घडत असणार असं मला वाटतं. मन लागो न लागो, श्वास लागतो.

आणि एक गोष्ट आवर्जून. मिस्टर किती दिवस गप्प आहेत? झोप, भूक कशी आहे? दोन आठवड्यांच्या वर उदासपणा, कशातच रस नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं असेल तर वही, उपासना, खोरं सगळं चालू ठेवून डॉक्टरही गाठायचा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं.

---

निवृत्त_सुभेदार

मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली, आता बेळगावातच आहे. चौकीवर असताना मनःशांती वगैरे शब्द कुणी वापरत नव्हतं. बूट पुसायचे, बंदूक साफ करायची, घरचं पत्र तीनदा वाचायचं. ज्या दिवशी जोडीदार गमावला त्या दिवशीही संध्याकाळी रोटी लाटली. हात चालू राहिले म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं. त्याच्या आईला मी दर दिवाळीला फोन करतो. ती माझ्या मुलांची नावं घेऊन विचारते.

---

भोजचा_श्रावक

आमच्या भोज गावाकडं जैन घरं बरीच, आचार्य शांतिसागर महाराज या भागातलेच. मी इथं वेगळी बाजू मांडतो.

दशलक्षण पर्वाची सुरुवात आमच्याकडं उत्तम क्षमेनं होते. भावाशी जमिनीवरून माझं नऊ वर्षं बोलणं बंद होतं. मी रोज सामायिकाला, म्हणजे आमच्या ध्यानाला, बसायचो, पूर्ण एक मुहूर्त, ४८ मिनिटं. बाहेरून एकदम शांत. आत त्या बांधाचं मोजमाप चालू. मला काय काय मिळालं याचे आभारही मानायचो, आणि प्रत्येक आभाराच्या मागं "भावाला न मिळो" दडलेलं असायचं. हे लिहायला जड जातंय, पण ताईंनी खरं मागितलंय.

भाऊ आजारी पडला तेव्हा दवाखान्यात गेलो. बोलायला काही सुचेना, म्हणून त्याच्या पायाला तेल लावत बसलो. त्यानं विचारलं, ऊस किती टन पडला? मी सांगितलं. बस. बांध अजून तिथंच आहे, पण ती ४८ मिनिटं आता मोठी वाटत नाहीत. आत राग साठलेला असेल तर आभार वर तरंगत राहतात, खाली उतरत नाहीत. ताई, तुमचा राग कुणावर आहे ते एकदा बघा. पाण्यावर नक्कीच नसेल.

---

कुंदा_प्रेमी

एवढे गंभीर प्रतिसाद वाचून झाल्यावर भीत भीत लिहितो. आमची आजी म्हणायची, मन लावून कुंदा आटवायला बस, दूध करपू द्यायचं नाही म्हटल्यावर दोन तास दुसरा विचार येत नाही. आणि शेवटी ध्यानाचं फळ खाताही येतं.

---

अनगोळची_मंजू

कुंदाभाऊ, यात खरोखर तथ्य आहे. पण फळ आम्हाला कधी मिळणार?

---

किल्ल्यातली_सकाळ

विषयाला थोडी बगल देते. कुणाला नुसतं बसायला जागा हवी असेल तर सकाळी लवकर किल्ल्यात या. तिथली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, मंडपाच्या छताला दगडात कोरलेलं मोठं कमळ आहे. उन्हाळ्यातही आत गार. जवळच रामकृष्ण आश्रम. विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात आले, आधी भाटे यांच्याकडं आणि मग हरिपद मित्र यांच्याकडं राहिले, आश्रम आहे तीच हरिपदबाबूंच्या मुक्कामाची जागा. मी आईच्या केमोच्या काळात तिथं दर गुरुवारी अर्धा तास बसायचे. प्रार्थना कधी केली नाही, आई बरी होईल का हेही विचारलं नाही. तिथं कुणी "कशी आहे आता?" असं विचारत नव्हतं, तेवढ्यासाठी जायचे.

आई गेली. मी अजूनही जाते.

---

सीमाभागातला

खानापूरच्या ताई, रात्रभर विचार केला. आजोबांबद्दल मी अर्धंच लिहिलं होतं. ते रोज पहाटे हरिपाठ म्हणायचे, तुरुंगातही म्हणायचे. तिथं त्यांना ताप आला तेव्हा एका कानडी पहारेकऱ्यानं घरून आल्याचा काढा करून आणला होता. आजोबा शेवटपर्यंत मोर्च्याला गेले आणि शेवटपर्यंत त्या माणसाची आठवण काढत राहिले. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही. मला वाटत होती. वेगळ्या धाग्यावर भांडूच, पण इथं एवढं कबूल करतो.

पाणी हा हक्क आहे यावर मात्र ठाम.

---

खानापूरची_शाळामास्तरीण

तो हक्कच आहे, त्यात वाद नाही. आल्याच्या काढ्याचं सांगितलंत, बरं वाटलं.

---

वडगावची_सून

चार दिवस लिहिता आलं नाही, माफ करा. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

धारवाडच्या ताई, मिस्टर जेवतात, कामावर जातात, पण पहाटे तीनला उठून माडीवर बसतात. क्रमांक लिहून ठेवला आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडं जायचं ठरलं, ते हो म्हणाले, मला अपेक्षा नव्हती.

ते असं झालं. रविवारी रात्री मी यडूरच्या काकांचा आणि सुभेदार काकांचा प्रतिसाद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मी इथं धागा काढलाय म्हटल्यावर म्हणाले, "माग बंद आणि हिचा धागा सुरू." आणि हसले. किती दिवसांनी ते मोजत नाही. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "ताणीचा धागा तुटला की माग थांबवतो, गाठ मारतो आणि मग पुढं. तसाच रेटला तर सगळं कापड बिघडतं. दादा गेला तेव्हा आपण थांबलोच नाही." खरं आहे. तेव्हा दिवस-कार्य चार माणसांत उरकलं आणि दुसऱ्या दिवसापासून हप्त्यांची चिंता. त्यांच्यासाठी आम्ही दोघं कधी एकत्र रडलोही नव्हतो. त्या रात्री रडलो.

श्रावक दादा, माझा राग दिरांवर होता. घर आमच्यावर टाकून गेले म्हणून. हे मला तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

आणि खानापूरच्या बाई, तुम्ही माणसं किती म्हणून विचारलंत. लॉकडाऊनमध्ये आमच्या समोर एक कानडी कुटुंब भाड्यानं राहायचं. त्या अक्का रोज संध्याकाळी एक डबा कठड्यावर ठेवायच्या आणि हाक मारायच्या. जोंधळ्याच्या भाकऱ्या, शेंगाचटणी, कधी झुणका. मी म्हणायचे, अक्का, उद्यापासून नको. त्या म्हणायच्या, "इरली बिडु." असू दे, सोड. पंचेचाळीस दिवस. त्यांचंही काम बंदच होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पुढं त्या बैलहोंगलला गेल्या. शेवटचा डबा माझ्याकडंच राहिला. त्यावर कानडीत त्यांच्या सासूचं नाव कोरलेलं आहे. रिकामा कसा द्यायचा म्हणून ठेवला, आणि नंतर लाजेनं फोनही केला नाही. एकवीस पानांत त्यांचं नाव नाही. डबा रोज फळीवर दिसतो, तरी नाही.

काल फोन केला. क्रमांक तोच होता. आधी त्यांनी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि मला आधी एवढंच विचारलं: "माग चालू आहेत का?"

शनिवारी आम्ही दोघं जाणार आहोत. मिस्टरांनी स्वतःच्या मागावरची एक साडी बाजूला काढली आहे. डब्यात काय घालू सुचवा. आणि सीबीटीवरून (बेळगावचं मध्यवर्ती बसस्थानक) बैलहोंगलची सकाळची गाडी कितीला असते, कुणाला माहीत आहे का?

---

यडूरचा_शेतकरी

ताई, येळ्ळूरकडचा बासमती मिळाला तर बघा, बेळगावचा म्हणून त्यास्नी कौतुक वाटंल. डबा काठोकाठ भरा.

---

कुंदा_प्रेमी

तांदूळ पिशवीत न्या, डब्यात कुंदा. शुक्रवारी रात्री आणून देतो, वडगावात कुठं यायचं ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

---

निवृत्त_सुभेदार

त्या बाजूला गाड्या बऱ्याच आहेत. सकाळी आठच्या आत स्टँडवर या, उशीर झाला की बसायला जागा मिळत नाही. खिडकी डाव्या बाजूची धरा, जाताना ऊन लागणार नाही... सकाळी पूर्वेकडं जाताना नेमकं कुठून लागतं ते उद्या स्टँडकडं जाणारच आहे, विचारून सांगतो. वेळही विचारतो.

---

वडगावची_सून

काका, थांबते तुमच्या उत्तरासाठी.